चुंबकी रंगाची भिंत आणि कृष्णेची काळी वाळू

नातीला बाराखडी शिकवायची होती. 'क'ला काना लावला की 'का', तोच काना काढून वेलांटी लावली की 'कि', वर रफार बसवला की आणखी निराळं. हे वहीत गिरवण्यापेक्षा तुकडे हाताने हलवून लवकर उमगतं. म्हणून साताऱ्यातल्या आमच्या घरी एका खोलीची भिंत, मुलीचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत, चुंबकी रंगाने रंगवायचं ठरवलं. रंग इथल्या दुकानात मिळाला नाही, ऑनलाइन मागवावा लागला.

हे नावच आधी दुरुस्त करायला हवं. हा रंग चुंबक नसतो. त्यात लोखंडाची अगदी बारीक पूड असते आणि ती चुंबकाला ओढली जाते, एवढंच. त्यामुळे भिंतीजवळ मोबाइल ठेवला तर बिघडेल का, ही शंका मनातून काढून टाकावी. चुंबक असतो तो तुमच्या हातातल्या अक्षराच्या पाठीला.

पहिल्या खेपेला भिंत फसली. डबा उघडला, वरवर ढवळला आणि रोलर फिरवला. वाळल्यावर भिंत छान करडी दिसली, पण अक्षर लावलं की सरळ खाली. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. महिनाभर पडून असलेल्या डब्यात ते सगळं तळाशी बसलं होतं आणि आम्ही वरचं पाणीच भिंतीला लावलं होतं. दुसऱ्या वेळी तळ लाकडी पट्टीने खरवडून काढला, ड्रिल मशीनला ढवळणी लावून डबा घुसळला आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा ढवळत तीन हात मारले. मग अक्षरं टिकली.

टिकली, पण कपाटाच्या पत्र्यावर बसतात तशी घट्ट नाही. असं का, हे मला या साऱ्या खटाटोपातलं सर्वात सुंदर कोडं वाटतं. चुंबकाचे दोन ध्रुव असतात आणि त्याच्या बलरेषांना एका ध्रुवातून निघून दुसऱ्यात परतायचं असतं. पत्र्यात त्यांना लोखंडाचा सलग रस्ता मिळतो. रंगात मात्र प्रत्येक कणाभोवती राळेचं कवच असतं. म्हणजे दोन पावलं लोखंड, मग एक खड्डा, पुन्हा लोखंड, पुन्हा खड्डा. साध्या लोखंडाची चुंबकीय पारगम्यता, म्हणजे बलरेषांना वाट देण्याची क्षमता, हवेच्या शेकडो, कधी हजारो पट असते. पण त्याच लोखंडाचा एकटा, सुटा गोल कण घेतला, तर त्याच्या आतलं चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या फार तर तिप्पट होतं. लोखंड कितीही उत्तम घ्या, फरक पडत नाही. गोल कणांचं सोपं गणित मांडलं, तर वाळलेल्या रंगात आकारमानाने ३० टक्के लोखंड असलं तरी साऱ्या थराची पारगम्यता हवेच्या अडीचपटीच्याही खाली राहते. दोष लोखंडाचा नाही, मधल्या फटींचा आहे.

फटीची किंमत घरबसल्या मोजता येते. लोखंडी कपाटाला चुंबक लावा आणि मध्ये झेरॉक्सचे कागद एकेक सरकवत जा. एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. कितव्या कागदाला चुंबक घसरतो ते लिहून ठेवा. तोच प्रयोग रंगवलेल्या भिंतीवर करा. करड्या थरावर आवडीचा पिवळा-पांढरा रंग देता येतो, पण तो दोन हातांवर का नेऊ नये, हे या मोजणीतून आपोआप कळतं.

फ्रिजवर लावायचे लवचिक, रबरी चुंबक या भिंतीवर जवळजवळ निरुपयोगी. तसले दोन चुंबक पाठीला पाठ लावून एकमेकांवर ओढून पाहा. एका दिशेने ओढताना बोटांना अडखळत गेल्यासारखं जाणवेल. त्यांच्यावर उत्तर-दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे आलटून पालटून असतात. पट्टा जितका अरुंद, तितकी त्याची पोच कमी. पत्र्याला अगदी टेकून ते बसतात, रंगाच्या थरापलीकडे त्यांचा हात पोचत नाही.

आणखी एक गोष्ट पाकिटावर छापलेली नसते. '१ किलो ओढ' असं लिहिलेला चुंबक जाड लोखंडापासून सरळ उपटायला १ किलो लागतो. भिंतीवर तो उपटला जात नाही, घसरतो, आणि घसरणं थांबवतं फक्त घर्षण. म्हणजे हाती येतो साधारण पाव किलो, तोही जाड पत्र्यावर. रंगावर त्याहून बराच कमी. म्हणून स्वयंपाकघरात मसाल्याच्या भरलेल्या डब्या या भिंतीला लटकवू नयेत. किराण्याची यादी, शाळेचं वेळापत्रक, शिवणाच्या सुयांची चकती, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला औषधांच्या चिठ्ठ्या, एवढं ती आनंदाने पेलते. वर फळ्याचा रंग दिला तर खडूही चालतो. वजनच टांगायचं असेल तर अर्धा मिलिमीटरचा जस्ती पत्रा स्क्रूने ठोका. माझ्या मते तो भक्कमही पडतो आणि स्वस्तही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला राहणाऱ्यांनी ओल आलेल्या भिंतीवर हा रंग मुळीच देऊ नये. पूड गंजते, वरच्या रंगातून तांबूस ठिपके फुटतात आणि गंजाला चुंबकाची ओढ फारशी उरत नाही.

लहान मुलांच्या घरात नियोडिमियमचे छोटे, चकचकीत चुंबक नकोतच. असे दोन गिळले गेले तर आतड्याचे पदर मध्ये चिमटून एकमेकांना चिकटतात, छिद्र पडतं, शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्या अक्षरांना रुंद, काळे फेराइटचे चुंबक आहेत, लाकडात खोल बसवलेले.

भिंत झाली, पण डोक्यातून कण जाईनात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेचं पाणी उतरलं की वाळूत काळ्या रेघा दिसतात. पिशवीत गुंडाळलेला चुंबक त्यांवरून फिरवला की काळे कण केसांसारखे उभे राहतात. हे मॅग्नेटाइट, चुंबकाला ओढलं जाणारं लोखंडाचं खनिज. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून आपला काळा कातळ झाला. अजिंक्यतारा त्याच कातळाचा. तो निवताना त्यातल्या या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा टिपून ठेवली, आणि तीवरूनच कळलं की हा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. असा कातळ झिजतो आणि जड काळे कण नदीच्या वळणाला साठतात.

ते धुऊन, वाळवून, फडक्याने गाळून जुन्या ऑइलपेंटमध्ये कालवले आणि प्लायवूडच्या फळीवर थापले. मॅग्नेटाइटची चुंबकीय ताकद लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, शिवाय कण जाडेभरडे. माझ्या टेबलावरच्या चुंबकाने एक कागद धरला, वेलांटीचा लाकडी तुकडा मात्र पेलला नाही.

मग वाटलं, फटी पुसता येत नाहीत, पण कणांची मांडणी तर बदलता येईल. रंग ओला असताना शेजारी चुंबक ठेवला, तर कण बलरेषांच्या दिशेने एकामागे एक रांगेत लागतात आणि त्या दिशेने तरी खड्डे कमी होतात. काल संध्याकाळी दुसरी फळी रंगवली आणि तिच्या दोन्ही कडांना स्पीकरचे जुने चुंबक टेकवून ठेवले. कडांजवळ बारीक रेघा उमटल्या आहेत. फळी गच्चीवर वाळते आहे. मधला भाग अजून बोटाला लागतो.