अतिवेगवान लोहमार्गाची क्षमता

अतिवेगवान लोहमार्गाची क्षमता : ताशी २५० किमी. वा त्याहून अधिक वेगासाठी बांधलेल्या लोहमार्गावरून एका दिशेने, एका तासात, वेळापत्रक न कोलमडता चालवता येणाऱ्या गाड्यांची संख्या. लागोपाठच्या दोन गाड्यांमधील किमान कालांतराला व्यवहारात ‘हेडवे’ म्हणतात. हेडवे ३ मिनिटांचा असला, तरी मार्गाची क्षमता तासाला २० गाड्या धरणे चूक ठरते.

क्षमतेच्या व्याख्येबाबत एकवाक्यता नाही. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या (यूआयसी) २००४ च्या ४०६ क्रमांकाच्या पत्रकाने तर मार्गाला स्वतःची अशी क्षमता नसते, ती वापराच्या पद्धतीवर ठरते, अशी भूमिका घेतली. प्रत्यक्ष वेळापत्रकातील गाड्या कागदावर एकमेकींना खेटून बसवायच्या आणि तासाचा किती भाग व्यापला ते मोजायचे, ही त्या पत्रकाची रीत. केवळ अतिवेगवान गाड्यांच्या मार्गासाठी गर्दीच्या तासात ७५ टक्के व दिवसभरात ६० टक्के व्याप त्यात सुचवला आहे. म्हणजे ३ मिनिटांच्या हेडवेवर २० नव्हे, सुमारे १५ गाड्या. या मोजणीच्या मुळाशी असलेली, प्रत्येक गाडी रुळाचा कोणता तुकडा किती वेळ अडवते हे पायऱ्यांच्या आलेखाने दाखवण्याची पद्धत जर्मन आहे. तिचे श्रेय साधारणपणे ओस्कार हॅपेल यांच्या १९५९ च्या सुमाराच्या कामास दिले जाते.

वेग व क्षमता : वेग वाढला की क्षमता घटते, असे विधान सर्रास आढळते. अतिवेगवान गाड्यांपुरते ते खरे आहे, पण घट किती हे पाहिले पाहिजे. हेडवेचे ढोबळ घटक तीन : यंत्रणेचा प्रतिसादकाल, ब्रेक लावून थांबण्यासाठी लागणारे अंतर कापण्याचा वेळ, आणि गाडीची लांबी अधिक एक ब्लॉक (एका वेळी एकाच गाडीला मिळणारा रुळाचा तुकडा) ओलांडण्याचा वेळ. प्रतिसादकाल १५ सेकंद, मंदन (वेग कमी होण्याचा दर) ०.५ मी./से.², गाडी ४०० मी. व ब्लॉक १,५०० मी. धरला, तर ताशी ३०० किमी. वेगाला थांबण्याचे अंतर जवळजवळ ७ किमी. भरते. ते कापायला ८३ सेकंद, गाडी व ब्लॉकसाठी २३ सेकंद. एकूण सुमारे १२१ सेकंद. याच आकड्यांवर सर्वांत कमी हेडवे ताशी १५७ किमी.च्या आसपास मिळतो, तो १०२ सेकंद. वेग जवळपास दुप्पट करूनही फरक १९ सेकंदांचाच. ताशी ३६० किमी.ला तो १३४ सेकंदांवर जातो.

याच हिशेबातून सरकत्या ब्लॉकच्या (ठरावीक तुकड्यांऐवजी पुढच्या गाडीबरोबर सरकणाऱ्या हद्दीच्या) पद्धतीबद्दलच्या अपेक्षांनाही मर्यादा पडते. ब्लॉकची लांबी शून्य केली, तरी ३०० च्या वेगाला वाचतात फक्त १८ सेकंद. ब्रेकचे अंतर आहे तिथेच राहते. सिग्नल बदलून क्षमता वाढतेच, पण बेताने. पॅरिस–लिऑं मार्गावर जुन्या टीव्हीएम-३०० सिग्नल यंत्रणेच्या जागी युरोपीय ईटीसीएस बसवून तासाला १३ वरून १६ गाड्यांपर्यंत जाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

सांधे व स्थानके : खरी अडचण मोकळ्या मार्गावर नसते. स्थानकात थांबणारी गाडी मुख्य रुळावरून बाजूच्या लूपला घेताना सांध्याची (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडणीची) वेगमर्यादा पाळावी लागते. सांधा ताशी ८० किमी.चा असेल, तर ताशी ३०० किमी.ने येणाऱ्या गाडीला मुख्य रुळावरच ६.४५ किमी. वेग कमी करत यावे लागते. त्यात पूर्ण वेगाच्या तुलनेत सुमारे ४५ सेकंद जादा जातात, आणि ४०० मीटरची गाडी सांध्यावरून पूर्ण निघेपर्यंत आणखी १३. मागची थेट गाडी तेवढी दूर ठेवावी लागते. सांधा ताशी २३० किमी.चा असेल, तर हा तोटा ५-६ सेकंदांवर येतो. फ्रान्समध्ये १:६५ इतक्या लहान कोनाचे असे सांधे वापरात आहेत. त्यांची लांबी, किंमत आणि देखभाल मोठी असल्याने ते मार्ग फुटतो अशा ठिकाणीच बसवतात.

तोकाइदो शिनकान्सेन : जपानमधील हा मार्ग म्हणजे या विषयातील सर्वांत तपशीलवार उदाहरण. ५१५.४ किमी.चा टोकियो–शिन-ओसाका मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला तेव्हा तासाला एक हिकारी (जलद) व एक कोदामा (सर्व स्थानके) असे ‘१-१’ वेळापत्रक होते. मार्च २०२० पासून कमाल १२ नोझोमी (सर्वांत जलद), २ हिकारी व ३ कोदामा, अशा तासाला १७ गाड्या सोडता येतात. सरासरी कालांतर ३ मिनिटे ३२ सेकंद. १६ डब्यांच्या गाडीत १,३२३ आसने, म्हणजे एका दिशेने तासाला २२,४९१. तुलनेने मंद अशा ७०० मालिकेच्या गाड्या काढून टाकल्याने सर्व गाड्यांचा कमाल वेग (ताशी २८५ किमी.) व वेग घेण्याची ताकद सारखी झाली, हे यामागचे मुख्य कारण. आसनांची संख्या व मांडणीही एकच असल्याने एक रेक बिघडला, तर दुसरा त्याच आरक्षणावर लावता येतो.

कोदामा बहुतेक स्थानकांत लूपला जाऊन नोझोमींना वाट देते. आतामी स्थानकात मात्र जागेअभावी लूप नाही. तिथे कोदामा मुख्य रुळावरच थांबते, आणि तेवढ्या काळात मागून कोणी येणार नाही अशी आखणी करावी लागते.

टोकियो स्थानकात या मार्गासाठी ३ फलाट व ६ रूळ आहेत. तासाला १७ गाड्या म्हणजे प्रत्येक गाडीच्या वाट्याला रुळाची सुमारे २१ मिनिटे. यातच प्रवासी उतरणे, सफाई व आसने फिरवणे, नवे प्रवासी चढणे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वाटा स्थानकाच्या तोंडाशी छेदतात तो वेळ बसवायचा. १२ वी नोझोमी बसवताना सफाईची १२ मिनिटे १० वर आणली गेली. ओइ कारशेडच्या रिकाम्या गाड्याही स्थानकाबाहेर त्याच रुळांवरून धावतात, हे प्रवाशाला सहसा दिसत नाही. हिवाळ्यात मार्गावरील सेकिगाहारा भागाच्या बर्फात वेग उतरवला, की ही सगळी आखणी ताणली जाते.

युरोपातील गाड्या जुन्या मार्गांवरून नव्या मार्गावर येतात आणि उशीर सोबत आणतात. जपानमध्ये मार्ग स्वतंत्र आहे. १७ चा आकडा तसाच उचलून इतरत्र लावणे त्यामुळे सयुक्तिक वाटत नाही. ब्रिटनच्या एचएस-२ या अतिवेगवान मार्गासाठी आखलेल्या तासाला १८ गाड्यांबाबत शंका होतीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तरेकडील टप्पा रद्द झाल्यावर तो प्रश्नच मागे पडला.

आसने वाढवणे : गाड्या वाढवता येत नसतील, तर गाडी मोठी करतात. जपानची दुमजली ई-४ मालिका १६ डब्यांत १,६३४ प्रवासी बसवी; पण ताशी २४० किमी.मुळे ती जलद गाड्यांच्या वाटेत येई. २०२१ मध्ये ती निवृत्त झाली. बीजिंग–शांघाय मार्गावर २०१९ पासून १७ डब्यांच्या, सुमारे ४४० मी. लांबीच्या व १,२८३ आसनांच्या गाड्या धावतात.

मुंबई–अहमदाबाद : ५०८ किमी., १२ स्थानके. पैकी वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार व बोईसर महाराष्ट्रात. मूळ आराखड्यात गर्दीच्या वेळी दर २० मिनिटांनी, एरवी दर ३० मिनिटांनी गाडी आहे. सुरुवातीस १० डबे, फलाट मात्र १६ डब्यांचे. वांद्रे-कुर्ला संकुलातील भुयारी स्थानकात ६ फलाट आहेत. तासाला ३ गाड्यांसाठी ते भरपूर होतात. भूमिगत स्थानकाला पुढे फलाट जोडणे फार अवघड असल्याने ते आधीच बांधून ठेवणे भाग आहे.