तुमची बदल केलेली पेडल स्टील गिटार विकायला काढताना

आम्ही अमेरिकेत वापरलेल्या स्टील गिटारी दुरुस्त करतो आणि मालकांच्या वतीने विकतो. इथल्या मराठी मंडळींपैकी काहीजण तरुणपणी भारतात हवाईयन गिटार शिकलेले असतात आणि इकडे आल्यावर पेडल स्टीलच्या, म्हणजे पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरनी तारांचे सूर बदलणाऱ्या स्टील गिटारीच्या, प्रेमात पडतात. पुढे घर लहान होतं, गुडघे कुरकुरतात, मुलं दुसरंच काही वाजवतात आणि गिटार पेटीत पडून राहते. तिच्यात आपल्या हाताला आणि कानाला सोयीचे बदल केलेले असतात, म्हणून विकताना मनात धाकधूक असते की ही आता कोण घेणार? हे पत्रक अशा मालकांसाठी आहे.

आमचं सांगणं एवढंच: केलेले बदल लपवू नका आणि घाईघाईने काढूनही टाकू नका. ते नीट लिहून काढा, निघालेले मूळ भाग शोधून ठेवा आणि दोन्ही खरेदीदाराच्या हाती द्या.

बदल म्हणजे दोष नव्हे

हे वाद्यच बदलांतून घडलं आहे. १९५४ साली कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाजलेल्या गाण्यात स्टील गिटार वादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर वर नेला. तो आवाज ऐकून कित्येक वादक आपापल्या गिटारींना पेडल बसवायच्या मागे लागले. आयझॅक्सच्या एकाच पेडलने दोन सूर एकदम बदलत. बडी एमन्सने ते काम दोन पेडलांत वाटून दिलं. जिमी डेनेही तेच केलं, पण उलट्या क्रमाने. म्हणून आजही पेडलांची मांडणी 'एमन्स' की 'डे' हा खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो. पुढे एमन्सने शॉट जॅक्सनबरोबर शो-बड ही गिटारी बनवणारी कंपनी सुरू केली आणि नंतर स्वतःच्या नावाची कंपनी काढली. ही सगळी माणसं आधी वादक होती. कानाला हवा तो सूर मिळेना म्हणून त्यांनी पाना हातात घेतला. तुम्ही एखादी लिव्हर वाढवून घेतली असेल, तर ती याच परंपरेतली आहे.

खरेदीदाराच्या दृष्टीने मात्र बदल दोन जातींचे असतात. रॉड आणि बेल क्रँक (पेडलची ओढ तारांपर्यंत नेणारे भाग), लिव्हर, पिकअप (तारांचा आवाज पकडून अँपकडे पाठवणारा भाग) हे स्क्रू फिरवून परत पूर्वीसारखं करता येतं, त्याने किंमत सहसा पडत नाही. लाकडाला पाडलेली नवी भोकं, पिकअपसाठी कोरलेली जागा, मूळ लॅकर घासून दिलेला नवा रंग हे परत फिरवता येत नाही. दोन मानांच्या गिटारीची मागची, वादकाच्या जवळची, सी-सिक्स्थ जुळणीची मान काढून तिथे हात टेकायला गादी बसवलेलीही आम्ही पाहतो. ती मान जपून ठेवली असेल तर चिंता नाही. फेकून दिली असेल तर ते आधीच सांगा, कारण गिटार उलटी केली की दिसतंच.

तक्ता: सगळ्यात मोलाचा कागद

कोणतं पेडल कोणत्या तारेला कुठून कुठे नेतं, याच्या तक्त्याला इथले वादक 'कोपेडंट' म्हणतात. बदल केलेल्या गिटारीसोबत हा तक्ता नसेल, तर घेणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागतं. तो करायला एक संध्याकाळ पुरते.

गिटार पायांवर उभी करा, पेडलचे रॉड अडकवा, ट्यूनर जोडा. आधी मोकळ्या तारा लिहा. नेहमीच्या ई-नाइन्थ जुळणीत पहिल्या तारेपासून दहाव्यापर्यंत क्रम असा असतो: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. तुमची एखादी तार वेगळी लावलेली असेल तर तिथे खूण करा. मग एकेक पेडल दाबून दहाही तारा छेडा. जी तार हलते तिचा आधीचा आणि नंतरचा सूर लिहा. लिव्हरचंही तसंच; डाव्या गुडघ्याची की उजव्या, डावीकडे ढकलायची, उजवीकडे की वर, हेही लिहा.

ई हा षड्ज धरला की हा तक्ता आपल्या कानाला लगेच कळतो. नेहमीच्या मांडणीत ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा पंचम धैवतावर नेतं. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा गंधार मध्यमावर नेतं. एक लिव्हर चौथ्या आणि आठव्या तारेचा षड्ज निषादावर उतरवते, दुसरी त्याच तारा कोमल रिषभावर चढवते. इतकं असलं की इथला कुठलाही वादक बसून लगेच वाजवू लागेल.

आमच्याकडे आलेल्या एका गिटारीत मालकांनी मुद्दाम एक लिव्हर घालून घेतली होती: तिसरी आणि सहावी तार जी शार्पवरून जी वर, म्हणजे शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर. भीमपलासातली भावगीतं वाजवताना तारांवर सरकवायचा बार न हलवता गंधार बदलावा, ही त्यांची इच्छा. ही लिव्हर काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं. आम्ही नको म्हणालो. ज्याने राग हा शब्दही ऐकलेला नाही अशा कंट्री वादकाला त्याच लिव्हरने ई मेजरचा ई मायनर मिळतो, आणि तो त्याला हवाच असतो. तक्त्यात फक्त '३ व ६: जी शार्प ते जी' असं लिहिलं. कशासाठी वापरायचं ते नव्या मालकाने ठरवावं.

नेहमीचं काही काढून त्या जागी खास काही बसवलं असेल, तर गोष्ट वेगळी. षड्ज उतरवणारी लिव्हर नसलेली गिटार विकणं कठीण जातं. अशा वेळी विक्रीआधी ती परत जोडून घ्यावी, असा आमचा सल्ला राहील. तीन पेडल आणि एकच लिव्हर असलेल्या शिकाऊ मॉडेलवर नीट बसवलेल्या जादा लिव्हर असतील, तर मागणी उलट वाढते.

आम्ही काय तपासतो

पेडल दाबलं की रॉडच्या ओढीने गिटारीचं अंग किंचित वाकतं आणि ज्या तारांचा त्या पेडलशी संबंध नाही त्याही थोड्या उतरतात. ए आणि बी पेडल एकदम दाबून आठवी तार ट्यूनरवर पाहा. दोन-चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक कानाला जाणवत नाही. काटा दहा-बारा सेंट खाली जात असेल तर कुठेतरी स्क्रू ढिले आहेत किंवा नंतर पाडलेल्या भोकांनी लाकूड कमजोर झालं आहे. खालच्या बाजूला जड लिव्हर वाढवलेल्या गिटारींत हे आम्ही आवर्जून बघतो.

मग चेंजर, म्हणजे तारा ओढून किंवा सैल सोडून सूर बदलणारी टोकाची यंत्रणा. तारा तिच्या ज्या धातूच्या बोटांवरून वळतात, तिथे वर्षानुवर्षांच्या घासणीने बारीक खाच पडते. तिसरी तार सगळ्यात पातळ आणि ताणलेली, त्यामुळे ती तिथेच तुटत राहते. वरचेवर तुटत असेल तर सांगा. बोटं पॉलिश करून हे बहुधा सुटतं. पेडल सोडल्यावर तार मूळ सुरावर परत येते का, दोन्ही बाजूंनी सारखीच येते का, हेही पाहतो.

आणण्याआधी चेंजरमध्ये कुठलाही स्प्रे मारू नका आणि घट्ट तेल ओतू नका. धूळ आणि तेल मिळून चिकट लगदा होतो, मग ती बोटं अडकून परत येत नाहीत, आणि साफ करायला सगळा चेंजर खोलावा लागतो.

पिकअप बदलला असेल तर जुना शोधा. जुन्या शो-बड किंवा एमन्सवर मूळ पिकअप असणं घेणाऱ्यांना महत्त्वाचं वाटतं. नव्याचा आवाज कितीही गोड असला तरी जुना पेटीच्या कप्प्यात असू द्या.

फोटोंमध्ये समोरच्या चकचकीत फोटोपेक्षा खालच्या बाजूचा फोटो अधिक बोलतो. रॉड, बेल क्रँक, आडवे शाफ्ट सगळं स्पष्ट दिसेल असे दोन-तीन फोटो दिवसाउजेडी काढून पाठवा.

किंमत

बदलांवर केलेला खर्च तसाच्या तसा परत मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. लिव्हर जोडणीची मजुरी, खास बनवून घेतलेली मायका, नाव कोरलेली पुढची पट्टी यांचे पैसे घेणारा वेगळे मोजत नाही. तो गिटारीची घडण, वय, चेंजरची स्थिती आणि नेहमीची मांडणी पूर्ण आहे का, हे पाहून आकडा सांगतो. आम्ही किंमत सुचवतो तेव्हा ती कशी काढली ते कागदावर लिहून देतो. पटली नाही तर गिटार तुमचीच आहे, तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.

भारतात पाठवायची असेल तर

कोणी नातेवाइकांना किंवा शिष्याला देऊ इच्छितात. गिटारीला स्वतःला विजेची जोडणी लागत नाही, त्यामुळे ती तिकडे जशीच्या तशी चालते. अँपचं तसं नाही. इथला अँप १२० व्होल्टचा, तिकडे घरात २३० व्होल्ट; थेट लावला तर जळेल. अँप इथेच विकून तिकडे दुसरा घेणं सोयीचं. कस्टमच्या शुल्काची चौकशी पाठवण्याआधी घेणाऱ्याने करून ठेवावी. पाय, पेडलची पट्टी आणि रॉड वेगळे गुंडाळा. पेटीत मोकळे राहिले तर वाटेत मायकावर आदळतात.

सोबत आणायचं

लिहिलेला तक्ता, जुने रॉड आणि बेल क्रँक (एकेका पिशवीत, कुठून काढले ते लिहून), मूळ पिकअप, बार, व्हॉल्यूम पेडल, ट्यूनिंगचा षट्कोनी पाना, आणि ज्यांनी बदल केले त्यांची पावती असेल तर ती. तारा नव्या लावू नका. तपासणीनंतर आम्ही आमच्या खर्चाने लावतो. गिटार आमच्याकडे असेपर्यंत दुकानाच्या विम्यात धरली जाते. तीन महिन्यांत विकली गेली नाही तर किंमत कमी करायची की घरी न्यायची, हे तुम्हाला विचारूनच ठरतं. विक्री झाली की खरेदीदाराची रक्कम जमा झाल्यावर आमचं ठरलेलं कमिशन वजा करून बाकी पैसे चेकने पाठवतो, सोबत विक्रीच्या पावतीची आणि तुमच्या तक्त्याची प्रत असते.