एसएसडीआय चालू असताना नोकरी धरलीत? मग पेस्टब (पगाराच्या चिठ्ठ्या) फेकू नका

आमच्याकडे टॅक्ससाठी येणाऱ्या काही कुटुंबांत कुणीतरी एसएसडीआयवर, म्हणजे आजारपणामुळे काम करता येत नाही म्हणून सोशल सिक्युरिटीकडून दरमहा मिळणाऱ्या बेनिफिटवर, असतं. पाठीचं ऑपरेशन, किमोथेरपी, पक्षाघात, कारण काहीही असो. वर्ष-दोन वर्षांनी तब्येत सावरते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. आम्हालाही त्याचा मनापासून आनंद होतो. पण पुढे बऱ्याचदा सोशल सिक्युरिटीचं पत्र येतं आणि मग आमच्या एडिसनच्या ऑफिसात तोच फोन: "आम्ही तर कळवलं होतं, मग इतके पैसे परत का मागतायत?" प्रत्येकाला घाईघाईत फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

हे फक्त एसएसडीआयबद्दल आहे, म्हणजे तुमच्या पगारातून कापल्या गेलेल्या सोशल सिक्युरिटी टॅक्सच्या जोरावर मिळणाऱ्या बेनिफिटबद्दल. एसएसआयचे (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या बेनिफिटचे) नियम निराळे आहेत. न्यू जर्सी राज्याचं टीडीआय (तात्पुरत्या आजारपणाचा भत्ता), जे जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतं, त्याचाही इथे संबंध नाही. पत्रावर कुठल्या योजनेचं नाव आहे ते आधी पाहा.

पैसे येत राहिले, म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे

नोकरी लागल्याचं तुम्ही फोनवर सांगता. पलीकडचा माणूस "ठीक आहे" म्हणतो. पुढच्या महिन्यात नेहमीप्रमाणे पैसे जमा होतात, त्याच्या पुढच्या महिन्यातही होतात. तुम्हाला वाटतं, त्यांना माहीत आहे, तरी देतायत, म्हणजे आपला हक्क असणार. खरं पाहता तुमच्या कामाची तपासणी ही वेगळी प्रक्रिया आहे आणि तिला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. तिचा निर्णय होईपर्यंत पैसे आपोआप थांबत नाहीत. निर्णय मात्र मागच्या तारखेपासून लागू होतो. महिन्याला १,९०० डॉलर मिळणाऱ्याला १४ महिने जास्तीचे मिळाले तर आकडा २६,६०० वर जातो. तुमच्या खात्यावर मुलांना बेनिफिट मिळत असेल तर तेही परत मागितलं जातं.

म्हणून कळवताना पुरावा ठेवा. कामाची माहिती दिल्यावर पावती देणं सोशल सिक्युरिटीवर २००४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ऑफिसात गेलात तर पावती मागून घ्या. १-८००-७७२-१२१३ वर फोन केलात तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा आणि तीच माहिती पत्राने पुन्हा पाठवा. "कंपनी टॅक्स कापते, सरकारला कळतंच" यावर विसंबू नका. कळवण्याची जबाबदारी तुमची आहे.

बेनिफिट बंद व्हायला हवं होतं असा संशय आला, तर जमा होणारे पैसे वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात टाकून ठेवा. लोकांना हे पटत नाही, घरखर्च असतो, आम्ही समजू शकतो. तरीही आमचा हा सल्ला कायम आहे.

सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो

आता मुद्द्याचं. ग्राहक येतात तेव्हा त्यांच्या हातात दोनच गोष्टी असतात, वर्षाचा डब्ल्यू-टू (वर्षभराच्या पगाराचा कंपनीचा दाखला) आणि बँकेचं स्टेटमेंट. या दोन्हींवरून आम्हाला काहीच सिद्ध करता येत नाही. सोशल सिक्युरिटी वर्षाचा नव्हे, महिन्याचा हिशोब करते. तोही हातात पडलेल्या पगाराचा नसतो. टॅक्स आणि ४०१-के (निवृत्तीची बचत) कापण्याआधीची ग्रॉस रक्कम धरली जाते. डब्ल्यू-टूवर महिने नसतात, बँक स्टेटमेंटवर ग्रॉस नसतो.

शिवाय पगार कधी जमा झाला यापेक्षा तो कुठल्या दिवसांच्या कामाचा आहे, याला महत्त्व असतं. समजा, तुमचा दर दोन आठवड्यांचा ग्रॉस ६८० डॉलर आहे, म्हणजे कामाच्या दिवसाला ६८. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३, १७ आणि ३१ तारखेला असे तीन पगार झाले. पगाराच्या तारखांप्रमाणे ग्रॉस मोजला तर तो महिना २,०४० डॉलरचा दिसतो. महिन्याची कमाई ज्याच्या वर गेली की त्या महिन्याचं बेनिफिट जाऊ शकतं, ती २०२५ साठीची मर्यादा होती १,६२० (अंधत्व असल्यास २,७००), म्हणजे तुम्ही मर्यादा ओलांडलीत. पण त्या महिन्यात कामाचे दिवस २३ होते. २३ गुणिले ६८ म्हणजे १,५६४, मर्यादेच्या आत! कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचा पगार, हे फक्त पेस्टबवर असतं. ते नसेल तर पगार ज्या महिन्यात दिला त्याच महिन्यात कमावला, असं धरण्याची मुभा सोशल सिक्युरिटीला आहे. एका हरवलेल्या कागदापायी अख्ख्या महिन्याचं बेनिफिट जाऊ शकतं.

पेस्टबवर आजारपणाच्या आणि सुट्टीच्या पगाराची वेगळी ओळ असते. तो पैसा प्रत्यक्ष काम केल्याबद्दलचा नसल्यामुळे या मर्यादेच्या हिशोबातून काढता येतो. कामावर जाता यावं म्हणून आजारामुळे स्वतःच्या खिशातून केलेला खर्च, म्हणजे औषधांचे को-पे (विम्यानंतर स्वतः भरायचा वाटा), व्हीलचेअर, गाडीत करून घेतलेले खास बदल, हाही वजा होऊ शकतो. त्याच्या पावत्या मात्र हव्यात.

म्हणूनच आम्ही प्रत्येक पेस्टब मागतो. "एवढं कशाला, वर्षाचा आकडा घ्या आणि भागवा" असं काहीजण वैतागून म्हणतात. तसा भागाकार करून दिलेला तक्ता आमच्या ऑफिसातून बाहेर जात नाही आणि जाणारही नाही. सरासरी काढून पाठवलेल्या कागदावर पुन्हा प्रश्न येतात, मग आमचं आणि तुमचं दोघांचंही काम दुप्पट होतं. नोकरी सोडली असेल तर कंपनीच्या एचआरकडून किंवा पेरोलच्या पोर्टलवरून जुने पेस्टब मागवा. पोर्टलचं लॉगिन बंद व्हायच्या आत ते उतरवून घेतले तर उत्तम.

ते नऊ महिने

कामावर परतलेल्या माणसाला नऊ महिने चाचणीचे मिळतात. या काळात कितीही कमावलं तरी बेनिफिट चालू राहतं. २०२५ मध्ये ज्या महिन्यात १,१६० डॉलरपेक्षा जास्त कमाई झाली तो महिना मोजला गेला. २०२६ साठी हा आकडा १,२१० आहे आणि आधी सांगितलेली मर्यादा १,६९० (अंधत्व असल्यास २,८३०).

इथे लोक फसतात, कारण हे महिने सलग असावे लागत नाहीत. ६० महिन्यांच्या टप्प्यात कुठेही विखुरलेले असले तरी मोजले जातात. तीन वर्षांपूर्वी चार महिने काम करून पाहिलं आणि झेपलं नाही म्हणून सोडलं, तर ते चार आजही हिशोबात असू शकतात. मग नव्या नोकरीत नऊ नव्हे, पाचच उरतात. स्वतःचा धंदा असेल तर नफा कमी असला तरी महिन्यात ८० तासांहून जास्त काम केल्यास तो महिना मोजला जातो. घरच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नऊ संपले की पुढचे ३६ महिने असे असतात: मर्यादेवर गेलेल्या पहिल्या महिन्याचे आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांचे पैसे मिळतात. मग ज्या महिन्यात कमाई मर्यादेवर, त्या महिन्याचे नाहीत, आणि ज्या महिन्यात आत, त्याचे मिळतात. पुढे बेनिफिट पूर्ण बंद झालं आणि त्याच आजाराने पुन्हा काम सुटलं, तर पाच वर्षांच्या आत नवा अर्ज न करता ते पुन्हा सुरू करण्याची विनंती करता येते. हे आवर्जून लिहितोय, कारण घाबरून नोकरीच नाकारणारेही आम्ही पाहिले आहेत. घाबरू नका, नोंद ठेवा.

पत्र आलंच तर

ते ड्रॉवरमध्ये ठेवू नका. पत्र हातात पडल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं, आणि पत्रावरच्या तारखेनंतर पाच दिवसांत ते तुम्हाला मिळालं असं धरलं जातं. पहिल्या ३० दिवसांत अर्ज गेला तर निर्णयाआधी बेनिफिटमधून वजावट सुरू होत नाही, म्हणून खरी मुदत ३० दिवसांचीच समजा.

दोन फॉर्म आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. आकडा किंवा महिने चुकीचे वाटत असतील तर अपिलासाठी एसएसए-५६१. आकडा बरोबर आहे, पण चूक तुमची नाही आणि फेडणं परवडणारं नाही, तर माफीसाठी एसएसए-६३२. दोन्ही एकत्र भरता येतात. माफीच्या अर्जाला मुदत नाही. "चूक तुमची नाही" हे दाखवताना वर सांगितलेली पावतीच उपयोगी पडते.

काहीच केलं नाही तर? बेनिफिट चालू असेल तर एप्रिल २०२५ पासूनच्या पत्रांवर दरमहा ५० टक्के कापले जातात. तेवढं झेपत नसेल तर एसएसए-६३४ भरून हप्ता कमी करून मागा. बेनिफिट बंद झालं असेल तर तुमचा टॅक्स रिफंड वळता केला जाऊ शकतो. रिफंड का आला नाही, असं विचारत आलेल्या माणसाला कधीकधी हे पहिल्यांदा आमच्याकडे कळतं.

परतफेडीचा टॅक्सशीही संबंध आहे. ज्या बेनिफिटवर आधीच्या वर्षी टॅक्स भरलात तेच या वर्षी परत केलंत, आणि या वर्षीच्या बेनिफिटमधून वजा करून उरलेली ती रक्कम ३,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर त्या टॅक्सची भरपाई मागण्याची तरतूद आहे. कितीतरी जण ती सोडून देतात. ओव्हरपेमेंट (जास्तीचे मिळालेले पैसे) फेडलं असेल तर एसएसए-१०९९ (वर्षभराच्या बेनिफिटचा सोशल सिक्युरिटीचा कागद) घेऊन या, आम्ही मागची रिटर्नही तपासून देऊ.

आम्ही काय करतो, काय करत नाही

आम्ही पेस्टबवरून महिनावार तक्ता करून देतो आणि टॅक्सची बाजू सांभाळतो. अपिलात तुमचे प्रतिनिधी म्हणून आम्ही उभे राहत नाही. त्यासाठी वकील किंवा मान्यताप्राप्त प्रतिनिधी लागतो आणि त्याची फी सोशल सिक्युरिटीने मंजूर करावी लागते. कामावर परतण्याआधी नुसता सल्ला हवा असेल तर सोशल सिक्युरिटीच्या टिकेट टू वर्क या योजनेच्या १-८६६-९६८-७८४२ या क्रमांकावर तो फुकट मिळतो. तो जरूर घ्या.

फोनवर "साधारण किती भरावे लागतील" असं विचारू नका, पत्र वाचल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. येताना पत्राची सगळी पानं आणा, मागची छापील सुद्धा, आणि ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही आणा. पत्र उशिरा पोचलं असेल तर पाकिटावरचा शिक्का कामी येतो.