डायरेक्ट आणि रेग्युलर योजना (म्युच्युअल फंड)

म्युच्युअल फंडाच्या एकाच योजनेत पैसे गुंतवण्याचे दोन मार्ग. फंड कंपनीकडे थेट पैसे भरले तर ती डायरेक्ट योजना. वितरकामार्फत, म्हणजे बोलीभाषेत एजंटमार्फत किंवा बँकेमार्फत भरले तर ती रेग्युलर. दोन्हीकडे फंड व्यवस्थापक एकच, शेअर आणि रोखे तेच, जोखीमही तीच. फरक फक्त खर्चाचा. रेग्युलरच्या वार्षिक खर्चात वितरकाचे कमिशन धरलेले असते, डायरेक्टमध्ये ते नसते. हा खर्च कोणी वेगळा मागायला येत नाही. तो रोज थोडा थोडा वजा होतो आणि मगच त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे योजनेच्या एका युनिटची (हिश्श्याची) किंमत, जाहीर होते. म्हणूनच दहा-दहा वर्षे एसआयपी (दरमहा ठरलेला हप्ता) भरणाऱ्या अनेकांना आपण कोणाला काही देतो आहोत याचा पत्ताच नसतो.

दोन्ही योजनांची एनएव्ही वेगळी असते आणि डायरेक्टची जास्त दिसते. त्यावरून डायरेक्ट ‘महाग’ आहे असा समज पुष्कळ ठिकाणी भेटतो. तो चुकीचा आहे. डायरेक्टमधून दरवर्षी कमी खर्च वजा झाला म्हणून तिची एनएव्ही पुढे गेली, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्वपीठिका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी घरांत बचत नेहमी कोणातरी ओळखीच्या माणसाच्या हातून झाली. आयुर्विम्याचे हप्ते नेणारे काका, पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे दरमहा दारात येऊन नेणाऱ्या वहिनी. या वहिनी बहुधा महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट असत. १९७२ साली सुरू झालेल्या या योजनेत एजंटला जमा रकमेवर ४ टक्के कमिशन मिळते, पण ते सरकार देते; खातेदाराच्या व्याजातून काही कापले जात नाही. ‘एजंटचे पैसे आपल्या खिशातून जात नाहीत’ ही समजूत तिथून आली आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही तशीच चिकटून राहिली. २०११ च्या डिसेंबरपासून पीपीएफवरचे एजंट कमिशन बंद झाले. अल्पबचतीत मिळकत आटली तसे त्यातले काही जण परीक्षा देऊन म्युच्युअल फंडांकडे वळले.

गुंतवणूकदारांच्या बाजूलाही एक जुनी जखम होती. २ जुलै २००१ रोजी युनिट ट्रस्ट या सरकारी फंड संस्थेने यूएस-६४ या योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. निवृत्तीचे पैसे तिथे ठेवलेल्या मध्यमवर्गाला तो मोठा धक्का होता. त्यानंतर फंडाचे नाव काढणाऱ्या घरांतही ‘कोणीतरी माहीतगार मध्ये असलेला बरा’ हीच भावना राहिली.

त्या काळी कमिशन उघड्यावरच कापले जाई. शेअरआधारित योजनांमध्ये प्रवेश शुल्क साधारण २.२५ टक्के असे. दहा हजार भरले तर गुंतवणूक व्हायची ९,७७५ रुपयांची. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून हे शुल्क बंद केले. पुढे १३ सप्टेंबर २०१२ च्या परिपत्रकाने प्रत्येक फंड कंपनीला कमिशनविरहित स्वतंत्र योजना ठेवणे बंधनकारक केले आणि १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट योजना अस्तित्वात आल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने वितरकाला सुरुवातीलाच मोठी रक्कम देण्याची पद्धत थांबवली. तेव्हापासून वितरकाला मिळते ते ‘ट्रेल’: गुंतवणूक टिकून आहे तोवर, तिच्या चालू मूल्यावर, वर्षानुवर्षे. हा बदल चांगला होता. ग्राहकाला एका फंडातून काढून दुसऱ्यात घालत राहण्याचे मोठे आमिष त्यामुळे गेले.

ठाणे आणि नवी मुंबई फंड उद्योगाच्या शहरयादीत मुंबईतच धरली जातात. पहिल्या तीस शहरांबाहेरून पैसा आणल्याबद्दल वितरकांना काही काळ जादा मोबदला मिळत असे, तो या पट्ट्याला त्यामुळे लागू झाला नाही. वितरक होण्यासाठीची प्रमाणपत्र परीक्षा घेणारी राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था मात्र वाशीच्या सेक्टर १७ मध्ये आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ‘ॲम्फी’ या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन हा नोंदणी क्रमांक मिळतो. ज्याला एआरएन नाही त्याच्यामार्फत फंडात पैसे गुंतवू नयेत, मग तो सोसायटीतला कितीही विश्वासू शेजारी असो.

फरक किती पडतो

शेअरआधारित सक्रिय (व्यवस्थापक स्वतः शेअर निवडतो अशा) योजनांमध्ये डायरेक्ट आणि रेग्युलरच्या खर्चातला फरक बहुधा अर्धा ते एक टक्का असतो, कुठे थोडा अधिक. लिक्विड (अल्पमुदतीच्या रोख्यांच्या) आणि इंडेक्स (निर्देशांकामागे चालणाऱ्या) फंडांत तो बराच कमी. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून हिशोब मांडून पाहावा. दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी वीस वर्षे चालवली तर भरलेली रक्कम होते २४ लाख. परतावा वार्षिक १२ टक्के धरला तर हाती सुमारे ९९.९ लाख येतात. ११ टक्के धरला तर सुमारे ८७.४ लाख. साडेबारा लाखांचा फरक, म्हणजे स्वतः भरलेल्या पैशांच्या निम्म्याहून अधिक. (बाजार दरवर्षी सारखा परतावा देत नाही, हे आकडे केवळ फरकाची मोजदाद करण्यासाठी आहेत.)

कमिशनचा खरा स्वभाव मात्र या बेरजेत दिसत नाही. तो दिसतो वर्षाच्या रुपयांत. ट्रेल ०.८ टक्के धरू. दोन लाखांच्या गुंतवणुकीवर वितरकाला वर्षाला १,६०० रुपये मिळतात. एवढ्या पैशांत तो घरी येतो, केवायसी करून देतो, बँकेचा मँडेट (हप्ता आपोआप कापण्याची परवानगी) अडकला तर सोडवतो, वर्षातून दोनदा फोन करतो. ग्राहकासाठी हा सौदा स्वस्त आहे, वितरकासाठी तोट्याचासुद्धा. तीच गुंतवणूक ५० लाखांवर पोचली की कमिशन होते ४०,००० रुपये, आणि काम साधारण तेवढेच राहते. म्हणून निवडीचा प्रश्न एकदाच सुटत नाही. सुरुवातीला रेग्युलर योग्य असलेल्या माणसाला दहा वर्षांनी तीच योजना महाग पडू शकते.

हा आकडा अंदाजाने काढावा लागत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. सेबीच्या मार्च २०१६ च्या परिपत्रकानुसार पॅनवर येणाऱ्या सहामाही एकत्रित खातेपत्रकात, त्या सहा महिन्यांत वितरकाला प्रत्यक्ष किती रुपये दिले गेले ते छापलेले असते. ई-मेलमध्ये न उघडता पडून राहिलेले हे पत्रक या विषयातला सर्वांत उपयोगी कागद आहे. त्यावरचा आकडा समोर ठेवून एकच प्रश्न विचारावा: वर्षभरात एवढ्या पैशांचे काम माझ्यासाठी कोणी केले का?

कोणासाठी काय

उत्तर ‘हो’ असेल तर रेग्युलरमध्ये राहण्यात काही गैर नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक कोसळला. त्या आठवड्यात घरात बसून ॲपवरचा लाल आकडा पाहणाऱ्याला ‘एसआयपी बंद करू नका’ असे फोनवर सांगणारे कोणी असेल, तर त्या एका फोनने अनेक वर्षांचे कमिशन फेडले. तसेच घरातला कर्ता माणूस गेल्यावर. फोलिओ, म्हणजे फंड कंपनीकडचे खाते, नॉमिनीच्या नावे करण्यासाठी मृत्यूचा दाखला, केवायसी, बँकेचा तपशील, प्रत्येक फंड कंपनीचे अर्ज हे सारे लागते. नौपाड्यातल्या किंवा नेरूळच्या एखाद्या वितरकाने त्या दिवसांत कागदांची जबाबदारी उचलली, तर त्याची किंमत टक्क्यांत मोजता येत नाही.

पण रेग्युलर गुंतवणुकीतला मोठा भाग असा ओळखीच्या माणसाकडून आलेला नसतो. तो पगाराच्या खात्याच्या बँकेतून, मुदत ठेव मोडायला गेलेल्या निवृत्त माणसाला काउंटरवर दाखवलेल्या छापील पत्रकातून आलेला असतो. तिथला अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. पुढे विचारायला कोणी नसते आणि ट्रेल चालूच राहते. रेग्युलरवर घ्यायचा खरा आक्षेप इथे आहे: सेवा संपली तरी तिचे पैसे जात राहतात.

डायरेक्ट त्याला जमते, ज्याला योजना स्वतः निवडता येतात आणि, त्याहून अवघड, निवडल्यानंतर शांत बसता येते. ऐरोली-महापेच्या आयटी पट्ट्यातली तरुण मंडळी गाडीत उभ्या उभ्या फोनवरून डायरेक्ट एसआयपी सुरू करतात. सोय इतकी झाली आहे की पंधरा-पंधरा फंड जमा होतात आणि दर तिमाहीला वरच्या क्रमांकाचा फंड बदलला जातो. अशाने वाचलेला एक टक्का कुठल्या कुठे जातो. फंड कंपनीचे संकेतस्थळ, फंड कंपन्यांचा सामाईक मंच एमएफ युटिलिटी, किंवा ‘कॅम्स’ आणि ‘केफिनटेक’ या निबंधकांनी (फंडांच्या खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांनी) मिळून २०२१ मध्ये आणलेले एमएफ सेंट्रल, यांपैकी कुठूनही डायरेक्ट घेता येते. केवळ व्यवहार करून देणाऱ्या खासगी ॲपना सेबीने १ सप्टेंबर २०२३ पासून स्वतंत्र नियमांच्या चौकटीत आणले. ॲपवर घेतले म्हणजे डायरेक्टच, असे मात्र नव्हे. बऱ्याच बँकांच्या ॲपवर रेग्युलरच मिळते. योजनेच्या पूर्ण नावात ‘डायरेक्ट’ हा शब्द आहे का, एवढे पाहावे.

तिसरी वाट सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराची. २०१३ च्या विनियमांनुसार नोंदलेला हा सल्लागार ग्राहकाकडून ठरलेली फी घेतो आणि ज्याला सल्ला दिला त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. पैसे डायरेक्टमध्ये जातात. २०२० च्या दुरुस्तीनंतर वितरकाला स्वतःच्या नावापुढे ‘गुंतवणूक सल्लागार’ लावता येत नाही. तरीही बोलण्यात हे शब्द सर्रास मिसळतात, तेव्हा पाटी न वाचता नोंदणी क्रमांक विचारावा. फी देण्याची आपल्याकडे सवय नाही. डॉक्टरला आणि वकिलाला विनातक्रार फी देणारा माणूस इथे मात्र ‘फुकट’ सांगणारा शोधतो. मोठ्या रकमेच्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या कुटुंबाला हा मार्ग बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पडतो. छोट्या रकमेवर फी जड होते.

बदल करताना

अर्जावर एआरएनचा रकाना रिकामा सोडला आणि योजनेपुढेही काही लिहिले नाही, तर अर्ज डायरेक्ट समजला जातो. एआरएन लिहिलेला असला पण योजनेपुढे ‘डायरेक्ट’ लिहिले असेल तरीही तो डायरेक्टच. नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करून जुनी थांबवणे हा सर्वांत सोपा बदल.

साठलेली रक्कम हलवणे वेगळे. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये ‘स्विच’ करणे हे कायद्याच्या दृष्टीने विकून पुन्हा विकत घेणे आहे. शेअरआधारित योजनांत बहुधा वर्षाच्या आत काढल्यास १ टक्क्यापर्यंत निर्गमन शुल्क (पैसे काढतानाचे शुल्क) बसते. २३ जुलै २०२४ पासून एक वर्षाहून जुन्या शेअरआधारित युनिटांवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापुढच्या नफ्याला १२.५ टक्के आणि वर्षाच्या आतल्या नफ्याला २० टक्के कर लागतो. ईएलएसएस या करबचतीच्या योजनेचे युनिट तीन वर्षे हलवताच येत नाहीत. म्हणून मोठी रक्कम एकदम न हलवता, दरवर्षी सव्वा लाखाच्या करमुक्त नफ्यात बसेल एवढीच हलवण्याची पद्धत रूढ आहे. मार्चअखेर एकदा आणि लगेच एप्रिलमध्ये पुन्हा केल्यास दोन वर्षांची सवलत दोन आठवड्यांत वापरता येते.

डायरेक्टमध्ये जाणाऱ्याने नॉमिनी नोंदवून त्याची प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावी. वितरक असतो तेव्हा फोलिओ कुठे आहेत हे निदान एका बाहेरच्या माणसाला ठाऊक असते. डायरेक्टमध्ये ते फोनच्या पासवर्डमागे राहते. विस्मरणात गेलेले फोलिओ शोधण्यासाठी सेबीने २०२५ मध्ये निबंधकांमार्फत ‘मित्र’ हा मंच उपलब्ध करून दिला आहे. पण त्यावर शोधायला जाण्यासाठीही, आपल्या माणसाचे कुठेतरी फंड होते एवढे घरच्यांना माहीत असावे लागते.