क्वांटम टनेलिंग : अल्फा कणाच्या कोड्यातून पुढे आलेली संकल्पना

1927 साली अर्नेस्ट रदरफर्ड यांच्यासमोर एक कोडे उभे होते. युरेनियमच्या अणुकेंद्रकातून बाहेर पडणाऱ्या अल्फा कणांची (म्हणजे हेलियमच्या केंद्रकांची) ऊर्जा सुमारे 4.2 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असते; पण त्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जेचे अल्फा कण बाहेरून सोडले, तरी त्या केंद्रकाचे विद्युत प्रतिकर्षण त्यांना परतवून लावत असे. जो अडथळा बाहेरचा वेगवान कण ओलांडू शकत नाही, तो आतला मंद कण कसा ओलांडतो, याचे उत्तर जुन्या यांत्रिकीत नव्हते.

ते उत्तर 1928 साली मिळाले. लेनिनग्राडहून ग्योटिंगेनला आलेले 24 वर्षांचे जॉर्ज गॅमो आणि प्रिन्स्टनमधील रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले की, कणाचे तरंगफलन (कण कुठे सापडण्याची किती शक्यता आहे, हे ठरवणारी गणिती राशी) अडथळ्यात शिरल्यावर एकदम शून्य होत नाही, ते झपाट्याने क्षीण होत जाते आणि पलीकडे त्याचा जो अंश उरतो, तोच कणाच्या सुटकेची संभाव्यता ठरवतो. कण अडथळ्यावरून जात नाही, त्यातून पार होतो; यालाच क्वांटम टनेलिंग म्हणतात. फ्रीड्रिख हुंड यांनी याआधीच, 1927 मध्ये, रेणूंच्या संदर्भात हा परिणाम ओळखला होता. त्यांना याचे श्रेय क्वचितच मिळते, हे अन्यायाचे आहे.

या सिद्धान्ताचे खरे बळ त्याच्या घातांकी स्वरूपात आहे : अडथळ्यात किंवा ऊर्जेत थोडा बदल झाला, तरी पार होण्याची संभाव्यता प्रचंड पटींनी बदलते. युरेनियम-238 चे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ) सुमारे 4.5 अब्ज वर्षे आहे, तर त्याच्या अल्फा कणाच्या दुपटीहून थोड्या अधिक ऊर्जेचा अल्फा कण सोडणाऱ्या पोलोनियम-212 चे अर्धायुष्य सेकंदाच्या जेमतेम 0.3 दशलक्षांशाएवढे आहे. एकावर तेवीस शून्यांहून मोठी ही तफावत निव्वळ अडथळ्याची उंची आणि जाडी यांतून निघते. गायगर आणि नटल यांनी 1911 मध्ये प्रयोगांतून शोधलेल्या, अल्फा कणाची ऊर्जा जास्त तितके अर्धायुष्य कमी, या नियमाला अशा प्रकारे सैद्धान्तिक आधार मिळाला.

बाहेरून केंद्रकाच्या आत येण्याची वाटही तीच होती. 1929 मध्ये रॉबर्ट ॲटकिन्सन आणि फ्रिट्झ हाउटरमन्स यांनी ही कल्पना ताऱ्यांना लावली. सूर्याच्या गाभ्यातील दीड कोटी अंश तापमानातही प्रोटॉनांची सरासरी ऊर्जा त्यांच्यातील प्रतिकर्षणाच्या अडथळ्याच्या मानाने फारच तोकडी असते, त्यामुळे टनेलिंगविना सूर्य आजच्या तेजाने जळूच शकला नसता. मात्र सूर्य इतका सावकाश जळतो, याचे श्रेय एकट्या टनेलिंगला देणे चुकीचे आहे. प्रोटॉनचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर करणारी दुर्बल आंतरक्रिया त्यात निर्णायक ठरते. गॅमो यांच्याच गणितामुळे कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांना काही लाख व्होल्टचे यंत्र पुरेल असा विश्वास वाटला आणि 1932 मध्ये त्यांनी लिथियमचे केंद्रक फोडले.

घन पदार्थांतही हाच हिशेब लागू पडला. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी 1928 मध्येच प्रबळ विद्युत क्षेत्रात धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे स्पष्टीकरण दिले. पुढे लिओ एसाकी यांचा डायोड, अतिसंवाहकांवरील (विद्युतरोध नाहीसा झालेल्या पदार्थांवरील) इवार येव्हर यांचे प्रयोग आणि दोन अतिसंवाहकांमधील पातळ थरातून इलेक्ट्रॉन-जोड्या पार होतील हे ब्रायन जोसेफसन यांचे 1962 चे भाकीत यांना 1973 चे नोबेल मिळाले. बिनिग आणि रोरर यांच्या 1981 च्या सूक्ष्मदर्शकात अणकुचीदार टोकातून पृष्ठभागाकडे टनेलिंगने जाणारा प्रवाह मोजतात; टोक आणि पृष्ठभाग यांच्यातील अंतर एका अँगस्ट्रॉमने (मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाने) बदलले की प्रवाह सुमारे दहापटीने बदलतो. एकेक अणू दिसू लागला, तो याच संवेदनशीलतेमुळे.

टनेलिंग एकट्या कणापुरतेच मर्यादित आहे का, हा प्रश्न तरीही उरला होता. 1984-85 मध्ये बर्कली येथे जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी जोसेफसन संधी (दोन अतिसंवाहकांमध्ये पातळ थर असलेला जोड) असलेले अतिसंवाहक विद्युत मंडल वापरून दाखवले की, असंख्य इलेक्ट्रॉन-जोड्यांची सामूहिक अवस्थासुद्धा अडथळ्यातून पार होते. या कामाला 2025 चे भौतिकशास्त्राचे नोबेल देण्यात आले.