नोकरी न शोधणाऱ्यांचा शोध

सोशल मीडियावरून उमेदवार मिळवायची पद्धत नवी वाटते, पण तिच्यामागचं निरीक्षण फेसबुक-लिंक्डइनच्या कितीतरी आधीचं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बॉस्टनच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना भेटून ती नोकरी कशी कळली, हे विचारत होते. एखाद्या मित्राने सांगितलं का, असं विचारलं की लोक त्यांना दुरुस्त करत: मित्र नव्हे, ओळखीचा. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातले आकडे आजही उद्धृत होतात. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांची त्या व्यक्तीशी वारंवार गाठभेट होत होती. ५५.६ टक्के लोकांची अधूनमधून, तर २७.८ टक्के लोकांची क्वचितच. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट रिक्रूटर म्हणून, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणारी म्हणून, मला जास्त मोलाची वाटते. त्यातले बरेच जण त्या वेळी नोकरी शोधतच नव्हते. गप्पांत कुणीतरी विषय काढला आणि काम जमलं.

इंटरनेट आलं तेव्हा मात्र हा धागा काही काळ सुटला. १९९४ साली जेफ टेलर यांनी ‘मॉन्स्टर बोर्ड’ सुरू केलं, मग एकामागून एक जॉब पोर्टल निघाली. वर्तमानपत्रातल्या ‘पाहिजेत’च्या रकान्यापेक्षा हे स्वस्त आणि झटपट होतं, पण तत्त्व तेच: जागा जाहीर करा आणि अर्जांची वाट बघा. अर्ज ढिगाने येऊ लागले. जो आपल्या कामात खूश आहे, तो मात्र पोर्टलवर फिरकतच नाही, आणि अनेकदा हवा असतो नेमका तोच. याच सुमारास, १९९६ मध्ये, टिम अँब्लर आणि सायमन बॅरो यांनी ‘एम्प्लॉयर ब्रँड’ ही कल्पना मांडली. ग्राहकांपुढे जपतो तसं कंपनीने कर्मचाऱ्यांपुढेही नाव जपावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते नाव रोजच्या रोज दिसेल अशी जागा तेव्हा नव्हती, ती पुढे सोशल मीडियाने दिली.

ओळखींची साखळी पडद्यावर मांडायचा पहिला ठळक प्रयत्न ‘सिक्सडिग्रीज’चा, १९९७ सालचा. तो टिकला नाही. ५ मे २००३ रोजी रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंक्डइन हे कामाच्या ओळखींचं नेटवर्क खुलं केलं, तेव्हा पहिल्या महिनाअखेर सभासद होते जेमतेम ४,५००. त्याच वर्षी जर्मनीत हॅम्बर्गमध्ये पुढे ‘झिंग’ म्हणून ओळखलं गेलेलं नेटवर्क सुरू झालं. लोकांनी आपला बायोडेटा स्वतःच उघड्यावर मांडला आणि तो अद्ययावतही ठेवू लागले. रिक्रूटरच्या दृष्टीने बदल झाला तो इथे. २०११ साली लिंक्डइनचे शेअर बाजारात आले तेव्हा कंपनीच्या कमाईतला सर्वात मोठा वाटा नोकरभरतीच्या सेवांचाच होता. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती २६.२ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला.

ग्रॅनोव्हेटर यांचं म्हणणंही लिंक्डइनवरच तपासलं गेलं. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दोन कोटींहून अधिक सभासदांच्या ओळखींचा माग घेतला होता. सर्वात उपयोगी ठरल्या त्या मध्यम सैल ओळखी, म्हणजे अगदी घट्टही नाहीत आणि अगदीच नावापुरत्याही नाहीत.

साधन हाती आलं, पण बोलायची रीत मागे पडली. ‘आपलं प्रोफाइल पाहून प्रभावित झाले, एक उत्तम संधी आहे’ हा मेसेज मी स्वतः सुरुवातीच्या काळात नाव बदलून शेकडो लोकांना पाठवलाय. उत्तरं येत नव्हती, आणि ते योग्यच होतं. पुढे एका टेस्टिंग इंजिनिअरला मी लिहिलं, ‘तुम्ही परवा लिहिलेली बगची गोष्ट वाचली. आमच्याकडे तसाच प्रश्न अडलाय. पगाराची रेंज ही, काम हे.’ तासाभरात उत्तर आलं: मला बदल नकोय, पण एकाचं नाव सुचवते. जागा भरली ती त्या सुचवलेल्या माणसानेच. ओळखीच्या ओळखीतून, पन्नास वर्षांपूर्वीसारखीच.

नोकरी शोधतोय हे साहेबांना कळू नये, ही उमेदवाराची धास्ती जुनीच आहे. २०१६ मध्ये लिंक्डइनने ही इच्छा फक्त रिक्रूटरना दिसेल अशी सोय केली. २०२० मध्ये, कोरोनाने नोकऱ्या जात असताना, ‘मी नोकरी शोधतोय’ असं सांगणारी, फोटोभोवतीची हिरवी चौकट आली आणि अनेकांनी ती सगळ्यांना दिसेल अशी लावली.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. अमेरिकेत काही ठिकाणी उमेदवारांकडे चक्क फेसबुकचा पासवर्ड मागितला जात होता. २०१२ साली मेरीलँड राज्याने त्याविरुद्ध पहिला कायदा केला. त्याहून खोल प्रश्न जाहिरातींचा. काही कंपन्या फेसबुकवरच्या नोकरीच्या जाहिराती ठरावीक वयाच्या लोकांनाच दाखवतात, हे २०१७ च्या डिसेंबरमध्ये पत्रकारांनी उघड केलं. मार्च २०१९ मध्ये नागरी हक्क संघटनांशी झालेल्या तडजोडीत फेसबुकने अमेरिकेतल्या नोकरीच्या जाहिरातींसाठी वय, लिंग आणि पिनकोडवरून निवड बंद करायचं कबूल केलं.

एवढ्याने प्रश्न मिटला नाही. त्याच वर्षी संशोधकांनी फेसबुकवर कुणालाही न वगळता नोकरीच्या जाहिराती चालवून पाहिल्या. लाकूडतोडीच्या कामाची जाहिरात ज्यांच्यापर्यंत गेली त्यांत सुमारे ९० टक्के पुरुष निघाले, सुपरमार्केटमधल्या कॅशियरच्या जाहिरातीत सुमारे ८५ टक्के बायका. जाहिरात देणाऱ्याने काहीच निवडलं नव्हतं, निवड अल्गोरिदमने, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या प्रोग्रामने, केली होती. हे वाचल्यापासून मी प्रत्येक जागा कंपनीच्या वेबसाइटवर सर्वांना दिसेल अशी लावते, आणि सोशल मीडियाची पोस्ट त्यानंतर.