पेटी ठेवायला जागा : मुंबईत आसऱ्याला आलेले आणि त्यांना घेणारे

धोबी तलावला जेर महाल नावाची जुनी, लाकडी जिन्यांची इमारत आहे. खाली दुकानं, वर गोव्यातल्या गावांच्या नावाच्या पाट्या. ह्या गोवेकरांच्या 'कुडी'. मराठीत कूड म्हटलं की आपल्याला कुडाची भिंत आठवते. कोकणीत कूड म्हणजे खोली. आत गेलं की भिंतीला लागून पेट्यांची रांग दिसते, पेटीवर गुंडाळलेली वळकटी, आणि खोलीच्या एका टोकाला वेदी. वेदीवर येशू, मारिया आणि गावच्या चर्चचा संत. संध्याकाळी आठच्या सुमारास तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, आणि जो हजर असेल त्याने तिला उभं राहायचं, हा नियम. जहाजावर काम करणारे तारवटी दोन सफरींच्या मधल्या काळात इथे राहायचे. आचारी, वाजंत्री, शिंपी, नोकरीच्या शोधात आलेली पोरं, सगळे राहायचे. गावचा आहेस ना, मग पेटी ठेव. भाडं नाममात्र.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा शेकडो कुडी धोबी तलाव, माझगाव, डोंगरी भागात उभ्या राहिल्या. एक गोष्ट आपण सहज विसरतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत हे गोवेकर कागदोपत्री पोर्तुगालचे प्रजाजन होते. म्हणजे मुंबईत ते परदेशी होते. त्या परदेशी माणसाला शहरात पहिली रात्र काढायला जागा दिली ती गावच्या संताच्या नावाने चालणाऱ्या एका खोलीने. कुठल्या सरकारी खात्याने नाही.

माझे आजोबा घाटावरून गिरणीत आले तेव्हा त्यांचीही पेटी लालबागच्या एका खोलीत पडली. ती ग्रामस्थ मंडळाची खोली होती. भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर, एकादशीला भजन, आणि पाळीप्रमाणे झोपायच्या जागा, त्यामुळे अंथरूण कधी थंड पडत नसे. कुडीतली वेदी पाहिली तेव्हा मला ती तसबीर आठवली. म्हणूनच 'निर्वासितांना धर्मसंस्थांची मदत' हा विषय निघाला की तो युरोप-अमेरिकेतल्या चर्चपुरता आहे असं वाटणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की मुंबईत ही रीत फार जुनी आहे. तिच्यात मोठेपणा आहे आणि तिच्या मर्यादाही आहेत. दोन्ही नीट पाहायला हवं.

सुरुवात बेने इस्रायलींपासून, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपासून करावी लागेल, कारण ते आपलेच. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. गावावरून आडनावं घेतली, मराठी बोलू लागले, १८८० मध्ये कीर्तनोत्तेजक मंडळ काढून बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं करू लागले. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, १७९६ मध्ये मांडवी भागात उभं राहिलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतल्या बेने इस्रायली माणसामुळे. टिपूच्या कैदेतून सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असं सांगतात. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव याच प्रार्थनाघरावरून पडलं असंही म्हणतात.

आता यापुढची गोष्ट लक्ष देऊन वाचावी. १८३२ च्या सुमारास डेव्हिड ससून मुंबईत आले. बगदादचा हा मातब्बर व्यापारी तिथल्या सुभेदाराच्या, दाऊद पाशाच्या, जाचाला कंटाळून आधी इराणातल्या बुशायरला पळाला आणि तिथून इथे आला. त्यांच्यामागे इराक, सीरिया भागातून आणखी ज्यू कुटुंबं आली. त्या सगळ्यांना 'बगदादी' म्हटलं गेलं. त्यांचं स्वतःचं प्रार्थनाघर तेव्हा नव्हतं. ते बेने इस्रायलींच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना करत आणि आपली माणसं त्यांच्याच कब्रस्तानात पुरत. कोकणातल्या तेल्यांनी त्यांना जागा दिली होती. आणि १८३६ मध्ये बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की कब्रस्तानात मधोमध भिंत घालून आमचा भाग वेगळा करून द्या. बेने इस्रायलींच्या ज्यू असण्याबद्दलच त्यांना शंका होती. ज्यांनी आसरा दिला त्यांच्यापासून मेल्यावरही वेगळं राहायचं होतं. मला ही गोष्ट वाचून दर वेळी वाईट वाटतं. आसऱ्याला आलेला माणूस दार आतून किती लवकर लावून घेतो, ते यात दिसतं.

पण ससून घराण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. १८६१ मध्ये भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग, १८८४ मध्ये फोर्टात केनेसेथ एलियाहू. त्यांच्या पेढ्यांत बगदादहून आलेल्या गरीब ज्यू तरुणांना काम, मुलांना शाळा, आजाऱ्याला दवा, मेलेल्याला कफन. नव्याने बोटीतून उतरणाऱ्या माणसाला एकट्याने शहराला तोंड द्यावं लागत नसे. मागेन डेव्हिडच्या आवारात ससून घराण्याच्या शाळा आजही भरतात. ज्यू कुटुंबं बहुतेक इस्रायलला गेली. आता तिथे शिकणारी मुलं बहुसंख्येने आजूबाजूच्या मुसलमान वस्तीतली आहेत.

पारशांचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. संजाणचा राजा आणि दुधात विरघळलेली साखर ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते, तिच्यात मी शिरत नाही. त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकात काय घडलं ते मोलाचं आहे, कारण इथे आसरा मिळालेला समाज स्वतः आसरा देणारा झाला. इराणात मागे राहिलेल्या झरथुष्ट्रींवर, म्हणजे पारशांच्या धर्मबांधवांवर, कजार राजवटीत जिझिया होता, कपड्यांवर, घोड्यावर बसण्यावर बंधनं होती, मारझोड तर नित्याची. मुंबईच्या पारशांनी त्यांच्यासाठी संस्था काढली आणि १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवलं. त्यांनी याझ्द-केरमान भागात अग्निमंदिरं दुरुस्त केली, शाळा काढल्या, आणि तेहरानच्या दरबारात वर्षानुवर्षं खेटे घातले. १८८२ मध्ये शहाने जिझिया रद्द केला. जवळपास तीन दशकं एका कामाला धरून बसणं याला काय म्हणावं!

जे इराण सोडून मुंबईला आले त्यांना पारशांच्या घरांत कामं मिळाली, वाड्यांत जागा मिळाली. त्यांचे पुढे 'इराणी' झाले. कोपऱ्यावरची दुकानं इतर लोक अशुभ मानून घेत नसत, ती इराण्यांनी स्वस्तात घेतली, असं सांगतात. १९०४ चं कयानी, १९२३ चं ब्रिटानिया ही त्यातली नावाजलेली. मराठी माणसाच्या कितीतरी चळवळी, नाटकाच्या तालमी आणि ठरलेली लग्नं या संगमरवरी टेबलांवर पानी-कम चहाबरोबर पक्की झाली. इराणातून आलेले सगळे झरथुष्ट्री नव्हते, हेही सांगायला हवं. शिया इराणीही आले. डोंगरीजवळच्या इमामवाड्यातली निळ्या फरश्यांची १८६० ची मुघल मशीद त्यांची. इस्माइली खोजांचे इमाम पहिले आगाखान तर इराणात बंड फसल्यावर इथे आले आणि १८४८ पासून मुंबईत स्थिरावले. त्यांचे अनुयायी आधीपासून इथे होतेच. माझगावला हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे.

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. आता येणाऱ्याकडे व्हिसा मागितला जाऊ लागला. जर्मनीत हिटलर आल्यावर तिथून निसटलेले ज्यू मुंबईच्या बंदरात उतरू लागले, तेव्हा १९३४ मध्ये इथल्या ज्यूंनी ज्युईश रिलीफ असोसिएशन काढली. ब्रिटिश सरकारची अट सरळ होती : हा माणूस सरकारच्या अंगावर पडणार नाही याची हमी कोण देतो? हमी असोसिएशनने दिली. आज चर्च किंवा मशिदी एखाद्या निर्वासित कुटुंबाचं प्रायोजकत्व घेतात असं परदेशातल्या बातम्यांत वाचतो, त्याचंच हे रूप. पुढे १९३९ ला युद्ध पेटलं आणि जर्मन पासपोर्टवाले सगळे 'शत्रुराष्ट्राचे' ठरले. हिटलरपासून पळालेला ज्यूसुद्धा. त्यांना अहमदनगरच्या छावणीत डांबलं. नाझी आणि नाझींचे बळी एकाच तारेच्या कुंपणात. त्यांच्यातल्या निरपराधांना सोडवण्यासाठी सरकारदरबारी पाठपुरावा करणं हे असोसिएशनचं पुढचं काम झालं.

याच लाटेतून वाल्टर कॉफमन आले, आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून त्यांची. चित्रकार वाल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, संग्राहक एमॅन्युएल श्लेझिंगर आले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्या १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह या कलावंतांच्या गटामागे या तिघांचं बळ होतं.

इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टींत एक धागा आहे. गोवेकराने गोवेकराला घेतलं, पारशाने इराणी झरथुष्ट्रीला, ज्यूने ज्यूला. आपल्याने आपल्याला घेणं सोपं नसतं, त्याचं मोल आहेच. पण आपला नसलेल्याला घेणं याची कसोटी निराळी. तशी एक गोष्ट १९४२ ची. स्टालिनने सायबेरियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांतली, पुष्कळशी अनाथ, मुलं इराणमार्गे ट्रकने हिंदुस्थानात आणली गेली. त्यांना वांद्र्यात काही महिने ठेवलं होतं. तिथून ती नवानगर (आजचं जामनगर) संस्थानच्या राजाने, जामसाहेबांनी, बालाचडीला उभारलेल्या छावणीत गेली. या मुलांच्या खर्चासाठी उभारलेल्या निधीच्या कामात जामसाहेबांबरोबर मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स होते. मुलांपैकी काहींना पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेत जागा मिळाली. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळीवड्याला सुमारे ५,००० पोलिश माणसांची वसाहत होती, तिथे त्यांचं चर्च, त्यांच्या शाळा. भाकरी खाणारं गाव आणि पाव खाणारी वसाहत शेजारी नांदली. ती माणसं म्हातारपणी कोल्हापूर पाहायला परत येत राहिली.

मग १९४७. कराचीहून आगबोटी भरभरून सिंधी मुंबईच्या धक्क्याला लागले. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत त्यांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असंच म्हणतो. जागा सरकारने दिली हे खरं. पण बराकीत पडदे लावून राहणाऱ्या कुटुंबांना समाज म्हणून परत उभं केलं ते टिकाण्यांनी. टिकाणो म्हणजे सिंधी प्रार्थनाघर. तिथे गुरू ग्रंथसाहिब असतो आणि झुलेलाल या सिंधी दैवताची ज्योतही असते. हिंदू की शीख या फाळणीने विचारलेल्या प्रश्नाला ते दाद देत नाही. लंगर तिथे, लग्नं तिथे, हरवलेल्या नातेवाइकाची चौकशी तिथे. पंजाबातून आलेल्यांच्या वाट्याला सायन कोळीवाड्याची छावणी आली. तिचं पुढे गुरू तेगबहादूर नगर झालं. कराचीच्या कॉलेजातून उखडून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये जयहिंद कॉलेज काढलं. या लोकांना 'शरणार्थी' शब्द टोचत असे. आम्ही शरण आलेलो नाही, आम्ही पुरुषार्थी आहोत, असं ते म्हणत.

शब्दांचं ओझं असतंच. मराठीत आपण निर्वासित म्हणतो, त्यात निदान घर हिरावल्याचं दुःख आहे. पण रोजच्या बोलण्यात त्याच माणसाला 'उपरा' म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही.

शहराच्या आतही माणसं निर्वासित झाली. १९९२-९३ च्या दंगलीत ९०० जणांचा बळी गेला, आणि घर सोडावं लागलेल्या मुसलमान कुटुंबांचा मोठा लोंढा मुंब्र्याकडे सरकला. तेव्हाही पहिलं ताट जमातींनी आणि मोहल्ल्यांनी वाढलं. मुंब्रा आज जसं आहे ते त्या हिवाळ्याने घडवलं.

आता कायद्याकडे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. दीर्घकाळ १९४६ चा परदेशी नागरिक कायदाच सगळ्यांना लागू होता. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. छळातून पळून आलेला आणि व्हिसा संपूनही राहिलेला, यांच्यात फरक करणारी पक्की चौकट त्यातही नाही. सरकार वेळोवेळी ठरवतं. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने काही देशांतल्या काही धर्मांच्या लोकांना वाट दिली आणि त्यातून मुसलमानांना वगळलं. आसऱ्याचा निकष धर्म असावा हे मला पटत नाही. मुंबईचा इतिहास धर्मसंस्थांनी दिलेल्या आसऱ्याचा आहे म्हणून तर अधिकच पटत नाही. जमात आपल्या माणसाला आधी घेते, कारण तिचा पैसा आणि जागा तेवढीच असते. सरकार कुणा एका जमातीचं नसतं.

कायदा नसला की संस्थांवरच भार पडतो, आणि हल्ली त्यांनाही धास्ती असते. पोलीस घरमालकाकडे भाडेकरूची नोंद मागतात, शाळा आधार मागते, दवाखान्यात पत्ता विचारतात. कागद नसलेल्या माणसाला खोली देणारा विश्वस्त आज दहादा विचार करतो. आजोबांच्या वेळी मंडळाच्या खोलीत कागद नव्हता. गावच्या पाटलाची चिठ्ठी किंवा 'हा अमक्याचा भाचा' एवढी ओळख पुरे होती.

जेर महालच्या कुडीत आता पूर्वीइतकी गर्दी नसते. जहाजाच्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणीला किंवा मुलाखतीला आलेली पोरं चार दिवस राहतात, कुणी आजारी माणसाला घेऊन आलेला असतो. मी गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ वेदीपुढची मेणबत्ती सारखी करत होते. रांगेतल्या कितीतरी पेट्यांचे मालक कधीच गेले, काही मस्कतला, काही देवाघरी. मी विचारलं, मग या पेट्या काढत का नाही? ते म्हणाले, 'नाव आसा न्हय तिच्यार. कोण तरी येतलो.'